उरलेली किडनी

"मंगळवारची तारीख घेतलीय," पोपटराव म्हणाले आणि त्यांनी मोबाईल सदऱ्याच्या खिशात टाकला. "पुण्याला सकाळी सातला पोचायचं. डॉक्टर आपल्या घरच्यासारखे हायेत म्हणून एवढ्या लवकर मिळाली."

हॉलमधल्या सगळ्यांनी माना हलवल्या. सविता पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिनं तांब्या टीपॉयवर ठेवला.

"कुणाची तारीख?"

"तुझी. आणखी कुणाची?"

"मला कवा विचारलं?"

पोपटरावांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू काही तिनं पाऊस कोणाला विचारून पडतो असं विचारलं होतं. ते तिचे थोरले दीर. उसाच्या वाहतुकीचा त्यांचा धंदा, केंदूरपासून पाटसपर्यंत ओळखी. घरात कुणाचं लग्न ठरो नाहीतर नवी बोअर कुठं पाडायची ते ठरो, शेवटचा शब्द त्यांचा. त्यात त्यांचा वाईट हेतू कधीच नसायचा. समोरच्याला विचारायचं असतं, हे त्यांना आजवर सुचलंच नव्हतं, एवढंच.

तीन आठवड्यांपूर्वी शिरूरला सोनोग्राफी केली तेव्हा सविताच्या उजव्या किडनीवर गाठ दिसली होती. चार सेंटिमीटरची, रक्तवाहिन्या आत शिरतात त्या जागेला अगदी खेटून. दुसऱ्या कुणाला अशी गाठ निघाली असती तर डॉक्टरांनी ती किडनी काढून टाकली असती आणि माणूस दुसरीवर जगलं असतं. सविताला दुसरी नव्हती. ती तिनं बारा वर्षांपूर्वी नवऱ्याला दिली होती, आणि ती या घटकेला समोरच्या सोफ्यावर, मच्छिंद्रच्या पोटात, आपलं काम बिनबोभाट करत होती.

मच्छिंद्र तोंडावर मास्क लावून बसला होता. किडनी बसवल्यापासून चार माणसं जमली की तो मास्क लावायचा. त्यामुळे त्याच्या मनात काय चाललंय ते नुसत्या डोळ्यांवरून ओळखायची सवय सविताला झाली होती. आज ते डोळे फरशीवरून हलत नव्हते.

"मंगळवारी काय करणार ते डॉक्टर?" सवितानं विचारलं.

"किडनी काढणार. गाठीसकट, पूर्ण. अर्धवट काम नको म्हणाले. मग आठवड्यातनं तीनदा डायलिसिस. सेंटर शिरूरला हाय, गाडी घरची हाय. तुला कशाची कमी पडू देणार न्हाई मी."

"आन् दौंडच्या डॉक्टरबाई म्हणल्या त्याचं काय?"

"ते रोबोटचं खूळ सोड."

"खूळ न्हाई ते, आप्पा." स्नेहल बोलली. सविताची ही मुलगी रांजणगावच्या एका कंपनीत वेल्डिंगचे यांत्रिक हात सांभाळायची. त्यांना कुठं वळायचं, किती दाबायचं ते शिकवायचं तिचं काम. रविवार असून ती कंपनीच्या बुटांतच आली होती. "गाठ तेवढी काढून किडनी ठेवता येईल असं त्या म्हणतायत."

"तूच सांगितलं व्हतं ना, तुमचा रोबोट मधीच अडकून बसतो आन् अख्खी लाईन बंद पडते? तसा पोटात अडकला तर?"

"आमचा एकदा शिकवला की आपला आपण चालतो. हा तसा न्हाई. डॉक्टर त्याच खोलीत बसून दोन्ही हातांनी चालवतात. त्यांनी हात थांबवला की ते थांबतं. बिघडलं तर बाजूला करायचं आन् पोट उघडून हातानं करायचं. दुसरे डॉक्टर टेबलापाशी उभेच असतात."

"मग पयल्यापासून हातानंच करा की!"

"गाठ कापायची तर किडनीचं रक्त अडवावं लागतं, आप्पा. अडवलं की घड्याळ सुरू. वीस-पंचवीस मिनिटांत कापून, टाके घालून, रक्त परत सोडायचं. उशीर झाला की किडनी कामातनं गेली. त्या अडचणीच्या जागी टाका घालायला हत्याराचं टोक मनगटासारखं वळावं लागतं. त्या मशीनचं वळतं."

पोपटरावांनी हात झटकला. "आन् करणार कोण? वजीर मिस्त्रीची पोरगी! दौंडात माझ्या ट्रकचे पाटे बदलायचा तिचा बाप. ती तिथंच गॅरेजात बसून अभ्यास करायची. मी माझ्या डोळ्यांनी बघितलीय."

"अभ्यासच करत व्हती ना?" स्नेहल म्हणाली.

"पोपट म्हणतो तसं कर बाई," कोपऱ्यातल्या कॉटवरून साखरबाई म्हणाल्या. सविताच्या सासूबाई ऐंशीच्या पुढं गेल्या होत्या, पण कानानं शाबूत होत्या. "पुण्याचे डॉक्टर मोठे हायेत. मच्छिंद्राच्या वक्ताला त्यांनीच सगळं बघितलं."

सविता नवऱ्याकडे वळली. "तुम्ही काय म्हणता?"

मच्छिंद्रनं मास्क जरा खाली ओढला, परत वर केला. "दादा म्हणतोय तर... जिवाची जोखीम नको."

मशीनची भीती तिला वाटत होतीच. रात्रभर ती भीती पोटाशी धरून ती पडली होती. पण नवऱ्याचे हे शब्द कानांवर आले आणि त्या भीतीच्या जागी दुसरंच काहीतरी उभं राहिलं, टणक आणि गरम.

"कुणाच्या जिवाची?" ती म्हणाली. "बारा वर्षांपूर्वी ह्याच जागी बसला व्हता तुम्ही सगळे. तवा इथं पत्रा व्हता, आता स्लॅब हाय, एवढाच फरक. मी आत मेथी निवडत व्हते. बाहेर सगळं ठरलं आन् मला आत येऊन सांगितलं, तुझं जुळतंय. किडनी द्यायची परवानगी देणाऱ्या समितीच्या सायबांपुढं काय बोलायचं तेबी आप्पांनीच पढवलं. मी पोपटावानी बोलले."

"तू नको म्हणली न्हवतीस," पोपटराव म्हणाले. आवाज मात्र उतरला होता.

"व्हय तरी कुठं म्हणले? कुणी विचारलंच न्हाई तर माणूस काय म्हणणार? विचारलं असतं तरी मी दिलीच असती, आप्पा. नवरा हाय माझा. पण मग ती मी दिली असती. तुम्ही ती घेतली."

बाहेर तिच्या रोपवाटिकेत बाया ट्रेमध्ये बी टोकत होत्या, त्यांच्या हसण्याचा आवाज तेवढा येत होता.

"एक तुम्ही घेतली. दुसरी आता काढून फेका म्हणताय, आन् वर गाडी घरची हाय म्हणून सांगताय. हिचं काय करायचं ते मी ठरवणार. मेले तर माझ्या हट्टानं मेले म्हणा सगळ्या गावाला. मी बुधवारी दौंडला चाललेय."

"मच्छिंद्रा, सांग तुझ्या बायकोला!" पोपटराव उठले. "आई, तू तरी सांग!"

साखरबाईंनी पाय कॉटवरून खाली सोडले.

"तवा ठरलं तुमचं बाहेर," त्या म्हणाल्या, "पण रात्री मी गेले व्हते हिच्याकडं. पदर पसरला व्हता हिच्यापुढं. लेकरू वाचव म्हणले माझं. ही नुसती रडत व्हती. माझी सून रडतीया का घाबरलीया, ते बी मी इचारलं न्हाई." त्यांनी स्नेहलकडे पाहिलं. "उद्या हिला किडनी लागली तर हिच्या लेकरावर तशी पाळी आणू नका. जाऊ दे तिला. पोपट, बस खाली."

पोपटराव बसले नाहीत. ते बाहेर गेले आणि गाडीपाशी उभं राहून कितीतरी वेळ फोनवर बोलत राहिले.

बुधवारी दौंडला मात्र ते आलेच. मच्छिंद्रही मागच्या सीटवर मास्क लावून बसला.

डॉक्टर तहमीना चाळिशीच्या आतबाहेरच्या, बुटक्या, घाईत चालणाऱ्या. पोपटरावांनी त्यांना दारातच गाठलं. "वजीरची ना तू? ओळखलं का मला?"

"ओळखलं की. अब्बा अजून सांगतात, पोपटशेठचा ट्रक आला की हॉर्नवरून कळायचं," तहमीना हसून म्हणाल्या.

"आप्पा," सविता मागून म्हणाली, "डॉक्टर हायेत त्या. तुम्ही म्हणा."

पोपटरावांचे कान लाल झाले. तहमीनांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि सविताला पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर तिची किडनी हळूहळू फिरत होती. धमनी लाल, शीर निळी, गाठ पिवळी. हाताला लागेल असं वाटावं इतकी स्वच्छ.

"तुमच्या स्कॅनवरून संगणकानं हा नकाशा बनवलाय," त्या म्हणाल्या. "हजारो लोकांचे स्कॅन दाखवून त्याला हे शिकवलेलं असतं. ऑपरेशन चालू असताना हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर असेल. साधारण बरोबर असतं."

"साधारण?"

"साधारण. म्हणून तर मी तिथं असते."

सविताला उत्तर आवडलं. "माझ्यासारखी एकच किडनी असलेली किती माणसं केली तुम्ही?"

"चार."

"आन् चारही किडन्या वाचल्या?"

"तीन वाचल्या. एक काढावी लागली. ते काका डायलिसिसवर आहेत, मी त्यांना दर महिन्याला भेटते." तहमीनांनी नजर वळवली नाही. "तुमचंही तसं होऊ शकतं. मध्येच पोट उघडावं लागू शकतं. मी आधीच सांगून ठेवते."

पोपटराव पुढं सरकले. "बघ! स्वतःच सांगतायत—"

"पुण्यातल्यांनी चारातली एक तरी वाचवतो म्हणलं का, आप्पा?" सविता म्हणाली. मग डॉक्टरांकडे वळून, "ते मशीन दाखवा मला."

शस्त्रक्रियेच्या खोलीत तेव्हा कुणी नव्हतं. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले चार लांब हात छताकडे दुमडून उभे होते. सविताला ते जाताना बघवेनात. पण बाजूच्या टेबलापाशी तहमीनांनी तिला स्टुलावर बसवलं, डोळे काचेला लावायला सांगितले आणि तिची चिमूट दोन छोट्या कड्यांत अडकवली. हे सरावासाठीचं होतं. आत पडद्यावर रबराच्या रिंगा आणि खुंट्या दिसत होत्या. सवितानं चिमूट मिटली, आतला चिमटा मिटला. तिनं मनगट वळवलं, चिमटा वळला.

रोपवाटिकेत ती वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचं कलम करायची. काडेपेटीतल्या काडीएवढ्या देठावर तिरका छेद, वर दुसरा देठ, आणि चिमुकली क्लिप. दिवसाला चारशे. तिनं रिंग उचलली आणि खुंटीवर घातली. दुसरी घातली. तिसऱ्या वेळी तिचा हात कापायला लागला, चांगलाच. आतला चिमटा मात्र स्थिर होता.

तिनं डोळे बाहेर काढले. "माझा हात थरथरला. ते थरथरलं न्हाई."

"हाताचा कंप ते गाळून टाकतं," तहमीना म्हणाल्या. "चूक गाळत नाही. मी चुकीच्या जागी गेले तर तेही तितक्याच स्थिरपणे चुकीच्या जागी जाईल."

"कलम कापलं की आम्ही ते वाळू देत न्हाई. जरा जास्त वेळ उघडं राहिलं की जीव धरत न्हाई."

"अगदी तेच. माझ्याकडं पंचवीस मिनिटं असतील. जमेल तेवढी कमी घेईन."

सविता उठली. "कागद आणा सहीचे."

नर्सनं कागद आणले. नातेवाईकाच्या सहीची जागा दिसली तसे पोपटराव सवयीनं पेन काढून पुढं झाले. सवितानं कागद आपल्याकडे ओढला. आधी तो सगळा वाचला, पानं उलटून. दोन ठिकाणी अर्थ विचारला. मग आपलं नाव पूर्ण लिहून सही केली आणि पेन स्नेहलच्या हातात दिलं.

"नातेवाईक म्हणून ही करंल."

शुक्रवारी सकाळी तिला आत नेताना मच्छिंद्र स्ट्रेचरबरोबर चालत आला. दारापाशी थांबावं लागलं तेव्हा त्यानं तिच्या पायावरची चादर नीट केली. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण दार बंद झालं.

शुद्धीवर आली तेव्हा पहिल्यांदा तिला स्नेहलचा चेहरा दिसला. "राहिली का?" तिनं विचारलं. घसा कोरडा पडला होता. स्नेहल म्हणाली, "जागेवर हाय. चालतीया का ते दोन दिवसांत कळंल."

ते दोन दिवस सगळ्यात वाईट गेले. कॉटला अडकवलेल्या लघवीच्या पिशवीकडे सगळं घर डोळे लावून बसलं. पहिल्या दिवशी तिच्यात तळाशी थोडंसं गढूळ पाणी जमलं, तेवढंच. किडनी नीट गाळत नसली की रक्तातलं क्रिएटिनिन चढतं; ते अडीचवर गेलं. या घरात तो आकडा सगळ्यांना कळायचा. पोपटरावांनी पुण्याला फोन लावला, डायलिसिसची चौकशी केली. सवितानं ते ऐकलं आणि भिंतीकडं तोंड केलं. ती रडली नाही. आपणच निवडलंय, ती स्वतःला सांगत राहिली, निस्तरूसुद्धा आपणच.

दुसऱ्या दिवशी दुपारी नर्सनं पिशवी रिकामी केली. संध्याकाळी परत करावी लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी तहमीना आल्या, त्यांनी पिशवी हातात धरून उजेडात पाहिली आणि भर वॉर्डात, सगळ्यांसमोर, टाळी वाजवली.

नवव्या दिवशी टाके बघायला आणि रिपोर्ट घ्यायला सगळे परत दौंडला आले. "गाठ कॅन्सरचीच होती," तहमीना म्हणाल्या. "पण पूर्ण निघालीय, कडा स्वच्छ आहेत. क्रिएटिनिन दीडवर आलंय. तपासणीला मात्र दर तीन महिन्यांनी यायचं, एकही चुकवायची नाही."

सवितानं श्वास सोडला. मग ती म्हणाली, "मला बघायचंय तुम्ही काय केलं ते."

तहमीनांनी संगणकावर चित्रण लावलं. गुलाबी, ओलसर असं काहीतरी, आणि त्यात फिरणारी दोन टोकं. रक्तवाहिनीवर चिमटा बसला. मग सगळं चित्र काळपट झालं आणि त्या काळ्यात किडनीचा एक तुकडा हिरवा चमकायला लागला.

"हा रंग आम्ही रक्तात सोडतो. चिमटा लावल्यावर सगळी किडनी काळी राहायला हवी होती," तहमीना म्हणाल्या. "ही कड हिरवी आहे. म्हणजे कुठून तरी रक्त येतंय. संगणकाच्या नकाशात एकच धमनी होती. तुम्हाला दोन आहेत. दुसरी बारीक, शिरेच्या मागं लपलेली. तशीच कापली असती तर रक्तानं काही दिसलं नसतं. मी चिमटा काढला, किडनीला रक्त दिलं आणि दुसरी शोधत बसले. ती सापडल्यावर मग दोन्ही बंद केल्या. बावीस मिनिटं लागली."

"म्हंजी मशीन चुकलंच!" पोपटराव खुर्चीवरून पुढं आले. "मी पयल्यापासून काय सांगत व्हतो? ह्या बाईचा जीव—"

"दादा, गप बस."

मच्छिंद्र बोलला होता. मास्क हनुवटीवर होता. उभ्या आयुष्यात तो थोरल्या भावाला असं बोलला नव्हता. स्वतःच्याच आवाजानं तो दचकल्यासारखा दिसला, पण थांबला नाही. "नकाशात एक धमनी कमी व्हती, ती डॉक्टरांनी थांबून शोधली. आपण कवा थांबलो? हिचं काय हुईल ते आपल्यातल्या एकानं तरी बघितलं का? तू न्हाई बघितलं. मीबी न्हाई."

पोपटराव उठले, टोपी डोक्यावर नीट केली आणि तहमीनांसमोर उभे राहिले. "वजीर मिस्त्रींना सांगा, पोपट येऊन जाईल म्हणावं," ते म्हणाले. जरा अडखळले. "तुम्ही... तुम्ही लई चांगलं केलंत." आणि गाडी काढायला निघून गेले.

सविता आणि मच्छिंद्र मागून बाहेर आले. आवारात लिंबाखाली एक बाक होता. टाके ओढत होते म्हणून ती जरा टेकली. तो उभाच राहिला. समोर रेल्वेचा भोंगा वाजला, विरला.

"सविता," तो म्हणाला, "तवा मी तुला विचारायला पायजे व्हतं."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. ती म्हणेल, जाऊ द्या आता, झालं ते झालं, याची वाट तो बघत होता. त्याच्या डोळ्यांत ते तिला अगदी स्पष्ट दिसलं. आजवर प्रत्येक वेळी तिनं तेच म्हटलं होतं.

"व्हय," ती म्हणाली. "पायजे व्हतं."

मग बाकाच्या कडेचा आधार घेऊन ती उठली. त्यानं हात पुढं केला होता, तो तिनं घेतला नाही. पोटावर तळवा धरून ती गाडीकडं निघाली, सावकाश, थांबत थांबत, आणि तो तिच्या मागून तिच्याच चालीनं चालत राहिला.